दारे कुठे, यावर घर ठरते

छोट्या घराचा नकाशा काढायला बसले की पहिला प्रश्न येतो तो खोल्या किती बसतील हा. दोन बेडरूम, हॉल, किचन, शिवाय देवघर. चौकोनाला चौकोन जोडत गेले की कागदावर घर पूर्ण होते. मग राहायला गेल्यावर लक्षात येते की हॉलमध्ये सोफ्याला सलग भिंत नाही, बेडरूममध्ये कपाट ठेवले तर दार अर्धेच उघडते आणि संडासात जाणाऱ्याला जेवणाऱ्यांच्या पाटांमधून वाट काढावी लागते. क्षेत्रफळ तेच असते, फसलेली असतात ती दारे. छोटे घर प्रशस्त वाटते की कोंदट, हे खोल्यांच्या मापांपेक्षा दारे कुठे आहेत आणि माणसे कुठून कुठे चालतात यावर जास्त अवलंबून असते, असे माझे पक्के मत आहे. म्हणून नकाशाची सुरुवात भिंतींपासून न करता दारांपासून आणि वाटांपासून करावी.

हवेत बोलण्यापेक्षा एक घर समोर ठेवू. महाराष्ट्रातल्या लहान गावांत आणि शहरांच्या कडेला कितीतरी कुटुंबे एका गुंठ्यावर घर बांधतात. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, चौरस असेल तर ३३ फूट बाय ३३ फूट. स्थानिक नियमांप्रमाणे सोडायचे अंतर सोडल्यावर समजा २२ बाय २८ फुटांचे घर बसते. रस्ता उत्तरेला आहे. राहणारी माणसे पाच : आजी, आई-वडील आणि शाळेत जाणारी दोन मुले.

२२ बाय २८ म्हणजे ६१६ चौरस फूट. पण बाहेरची भिंत ९ इंची विटेची धरली तर लांबी आणि रुंदी दोन्हींतून दीड-दीड फूट जाते आणि आत उरते साडेवीस बाय साडेसव्वीस, म्हणजे ५४३ चौरस फूट. ७३ फूट नुसत्या बाहेरच्या भिंतींनी घेतले. आतल्या साडेचार इंची भिंती आणखी सत्तावीस-अठ्ठावीस फूट घेतील. शंभर चौरस फूट, म्हणजे एक चांगली खोली, विटांत गेली. म्हणून छोट्या घरात प्रत्येक आतल्या भिंतीला ती नक्की काय देते हे विचारले पाहिजे.

आता घराच्या मधोमध, रस्त्याकडून मागे जाणारी एक भिंत घाला. दोन पट्टे पडतात, प्रत्येकी साधारण १० फुटी. पूर्वेच्या पट्ट्यात पुढे १० बाय १४ चा हॉल आणि मागे १० बाय १२ ची मोठी बेडरूम. पश्चिमेच्या पट्ट्यात पुढे १० बाय ९ ची लहान खोली, मागे १० बाय ९ चे स्वयंपाकघर आणि त्या दोघांच्या मध्ये साधारण ८ फुटांचा तुकडा. या तुकड्यात बाहेरच्या भिंतीला लागून बाथरूम आणि संडास. त्यांच्यापुढे साडेचार बाय आठ फुटांची मोकळी जागा उरते. तिला बोळ म्हणा, पॅसेज म्हणा.

हा बोळ ३६ चौरस फूट खातो आणि तो काढून टाकावा असे सुचवणारे बरेच भेटतात. काढू नये. लहान खोली, स्वयंपाकघर, बाथरूम, संडास आणि मागची बेडरूम या पाचही ठिकाणांची दारे या एकाच बोळात उघडतात. त्यामुळे हॉलला दोनच तोंडे राहतात, घराचे मुख्य दार आणि बोळाकडे जाणारी वाट. बोळ नसता तर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांची दारे हॉलमध्येच उघडली असती, आणि एका दारापुढे अडीच फूट वाट मोकळी ठेवावीच लागते. हॉलचे क्षेत्रफळ वाढले असते आणि वापरता येण्यासारखी जागा कमी झाली असती. शिवाय बाहेर पाहुणे बसलेले असताना अंघोळ करून निघालेल्या माणसाला त्यांच्यासमोरून जावे लागले असते. एकत्र राहणाऱ्या घरात हा आडोसा फार मोलाचा असतो.

आता मुख्य दार. ते उत्तरेच्या भिंतीत असेल, पण भिंतीच्या कोणत्या टोकाला? बोळाची वाट हॉलच्या पश्चिम भिंतीत, मागच्या बाजूला आहे. मुख्य दार पूर्वेच्या टोकाला काढले तर येणारा-जाणारा हॉल तिरका कापत जाईल आणि दोन्ही बाजूंना त्रिकोणी जागा उरतील, ज्यांत काहीच नीट बसत नाही. तेच दार पश्चिमेच्या टोकाला काढले तर चालण्याची वाट मधल्या भिंतीच्या कडेने सरळ मागे जाते. तीन फूट वाटेला दिले तरी ७ बाय १४ फुटांची सलग जागा कोणीही न तुडवता बसायला मिळते. ईशान्य कोपऱ्यात काटकोनात बैठक, मागच्या भिंतीवर टीव्ही, रात्री तिथेच दोन गाद्या. विटेचा खर्च तोच, फक्त दार सहा फूट सरकले. ते सरकवताना कोपऱ्यापासून एक फूट भिंत सोडावी, तिथे चपलांचा स्टँड बसतो. नाहीतर पाच माणसांच्या चपला उंबऱ्यातच पसरतात.

असाच हिशेब आतल्या दारांचा. अडीच फुटी दार उघडताना जवळजवळ पाच चौरस फूट जमीन अडवते, आणि ती जमीन कायमची मोकळी ठेवावी लागते. गवंडी बहुतेक वेळा दार कोपऱ्याला चिकटवून टाकतो, कारण ते सोपे असते. पुढच्या लहान खोलीत हे करून पाहा. बोळातून आत येणारे दार मधल्या भिंतीला चिकटवले तर त्या भिंतीवर कपाट लावता येत नाही, कारण कपाट दोन फूट खोल असते आणि ते दाराच्या तोंडात येते. दार कोपऱ्यापासून दोन फूट सरकवले की मधल्या भिंतीची सगळी नऊ फूट लांबी कपाटाला मिळते. भिंतभर कपडे, अंथरुणे, पुस्तके, कागदपत्रे. वर हॉलमधला टीव्हीचा आवाजही त्या भरलेल्या कपाटामुळे दबतो. खोलीत ८ बाय ९ फूट उरले. पश्चिमेच्या भिंतीला आजींची तीन फुटी खाट लावली तर कपाटासमोर पाच फूट मोकळे राहतात. काठी किंवा वॉकर घेऊन वळता येते, खुर्ची ठेवता येते आणि रात्री आजीजवळ झोपायला येणाऱ्या नातवाची गादी पडते.

या खोलीत डबल बेड घालायचा हट्ट धरला तर काय होते तेही पाहू. सहा फुटी बेड आणि दोन फुटी कपाट मिळून आठ फूट झाले, मध्ये दोन फूट उरले. दीड फुटी पल्ले उघडून माणसाने उभे कुठे राहायचे? पाच फुटी बेड घेतला तर तीन फूट मिळतात आणि खोली चालते. फर्निचर नंतर बघू म्हणून चालत नाही ते याचसाठी. बेड सहा की पाच फूट हे भिंत उभी राहण्याआधी ठरवावे लागते.

मागच्या बेडरूमबद्दल फार सांगायला नको. दार बोळातून, पश्चिम भिंतीच्या अगदी उत्तर टोकाला. स्वयंपाकघराला लागून असलेल्या उरलेल्या भिंतीवर सात फुटी कपाट, दक्षिण भिंतीला डोके करून बेड आणि दाराकडच्या बाजूला पूर्वेच्या खिडकीखाली मुलांचे अभ्यासाचे टेबल. सकाळचा उजेड थेट वहीवर येतो.

पाण्याच्या जागा हा नकाशातला सर्वांत हट्टी भाग. खोलीचा वापर बदलता येतो, मोरी हलवता येत नाही. म्हणून बाथरूम, संडास आणि स्वयंपाकघरातले सिंक एकमेकांना लागून, एकाच बाहेरच्या भिंतीकडे ठेवावे. आपल्या घरात स्वयंपाकघराची उत्तरेची भिंत म्हणजेच बाथरूमची दक्षिणेची भिंत. सिंक त्याच भिंतीला. सगळे पाइप पश्चिमेच्या बाजूने खाली येतात आणि चेंबरांची एकच रांग लागते. संडासाच्या चार इंची पाइपाला चाळीस फुटांमागे एक फूट उतार धरतात. पाइप जितका लांब आणि वळणांचा, तितका उतार सांभाळणे अवघड आणि तुंबण्याची भीती जास्त. पाण्याच्या जागा घरभर विखुरल्या तर एखादी गळती शोधायला तीन ठिकाणी फरशी फोडावी लागते.

वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबईत बेलापूरची आर्टिस्ट्स व्हिलेज ही वसाहत १९८० च्या दशकात रचली. तिथे त्यांनी हाच विचार दोन घरांपर्यंत नेला. शेजारच्या दोन घरांची स्वच्छतागृहे पाठीला पाठ लावून ठेवली, म्हणजे नळकामाचा खर्च वाटला जातो. मात्र राहत्या खोल्यांची भिंत शेजाऱ्याशी सामाईक ठेवली नाही, कारण प्रत्येक कुटुंबाला आपापल्या ऐपतीप्रमाणे घर वाढवता यावे. तिथले भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे काही तर आपल्या गुंठ्याच्या निम्म्याहून लहान. छोट्या घराच्या नियोजनावर विचार करणाऱ्या प्रत्येकाने ही वसाहत एकदा चालून पाहावी.

बाथरूम आणि संडास एकत्र करावेत की वेगळे? हल्ली एकत्रच करण्याची पद्धत आहे, आणि जागा वाचते असे कारण सांगतात. राष्ट्रीय इमारत संहितेतली किमान मापे पाहा. बाथरूम १.८ चौरस मीटर, संडास १.१, दोन्ही एकत्र असतील तर २.८. म्हणजे वेगळे केले तर एकूण २.९. जागेचा फरक एक चौरस फूट, शिवाय एक पातळ भिंत आणि एक जास्तीचे दार. या बदल्यात सकाळी सात वाजता पाच माणसांच्या घरात दोघांना एकाच वेळी आवरता येते. बेसिन बोळात घेतले तर तिसरा दात घासतो. एकच न्हाणीघर असलेल्या घरात संडास वेगळाच हवा. आपल्या नकाशात संडास ३ बाय ५ फूट आणि बाथरूम साडेचार बाय पाच. बादली, स्टूल आणि वॉशिंग मशीनची जागा धरून हे माप पुरते. संडासाचे दार आजींच्या खोलीच्या बाजूला, बाथरूमचे स्वयंपाकघराच्या बाजूला. रात्री उठल्यावर आजींना चार-पाच पावलेच चालावे लागते. उंबरा ठेवू नये, जमिनीत फक्त थोडा उतार द्यावा. धरायला दांडी बसवायची तर प्लास्टर होण्यापूर्वी जागा सांगावी आणि ती भिंत भक्कम ठेवावी.

स्वयंपाकघराचा अभ्यास करून आखलेली छोटी खोली म्हटले की फ्रँकफर्ट किचनचे नाव येते. मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार स्त्रीने १९२६ मध्ये, फ्रँकफर्ट शहरातल्या कामगार वसाहतींसाठी ते आखले. माप साधारण १.९ बाय ३.४ मीटर, म्हणजे जेमतेम ७० चौरस फूट. एका जागी उभे राहून किंवा एखादे पाऊल टाकून सगळे हाताला यावे, अशी प्रत्येक खणाची आणि डब्याची जागा ठरलेली. सुमारे दहा हजार घरांत ते बसवले गेले. आजचा अखंड ओटा, त्याखालचे खण आणि वरची कपाटे यांमागे हा विचार आहे. पण ते स्वयंपाकघर एकटी बाई काम करते असे धरून आखले होते. आपल्याकडे एक जण भाकरी थापतो, दुसरा भाजी चिरतो आणि एक मूल डबा मागत मध्ये उभे असते. त्यामुळे ओट्यापुढे साडेतीन फूट तरी मोकळे हवेत.

१० बाय ९ मध्ये हे जमते. उत्तरेच्या भिंतीला सात फूट आणि पश्चिमेच्या भिंतीला सात फूट असा काटकोनी ओटा, दोन फूट रुंदीचा. सिंक उत्तरेला, शेगडी पश्चिमेला. शेगडी खिडकीच्या अगदी समोर ठेवू नये, वाऱ्याने आच हलते. पूर्वेच्या भिंतीला फ्रिज आणि अडीच बाय चार फुटांचे टेबल, किंवा जमिनीवर पंगत. ओट्याची उंची ३२ ते ३४ इंच सांगितली जाते, पण ती रोज काम करणाऱ्याच्या कोपरावरून ठरवावी. कोपरापासून चार-पाच इंच खाली हात टेकला पाहिजे. पोळ्या लाटताना ओटा उंच पडला तर खांदे भरून येतात. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडरच्या खणाला तळाशी जाळीचे भोक ठेवणे विसरू नये.

जेवण स्वयंपाकघरातच ठेवण्यामागे जागेपेक्षा मोठे कारण आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानमध्ये उझो निशियामा या अभ्यासकाने सामान्य लोकांची घरे पाहून एक गोष्ट नोंदवली. घर कितीही लहान असले तरी माणसे झोपायची आणि जेवायची जागा वेगळी ठेवायला धडपडतात. यातूनच १९५१ मध्ये तिथल्या सार्वजनिक घरांसाठी एक नमुना तयार झाला. चाळीस चौरस मीटरच्या आतल्या घरात दोन झोपायच्या खोल्या आणि जेवता येईल असे स्वयंपाकघर. आपल्याकडेही हा अनुभव खरा आहे. हॉलमध्ये गादीवर कोणी आजारी पडले असेल, कोणी रात्रपाळी करून झोपले असेल, तेव्हा बाकीच्यांना जेवायला दुसरी जागा असणे ही चैन म्हणता येत नाही.

उजेड-वारा. संहितेप्रमाणे कोरड्या उष्ण हवेच्या भागात खिडक्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या दहाव्या हिश्शाइतक्या आणि दमट उष्ण हवेत सहाव्या हिश्शाइतक्या तरी हव्यात. म्हणजे १२० फुटांच्या बेडरूमला विदर्भात १२ चौरस फूट पुरतील, कोकणात २० लागतील. पण आकारापेक्षा वारा आत शिरून बाहेर पडायला दुसरे तोंड आहे का, हे आधी पाहावे. आपल्या घराच्या चारही खोल्या कोपऱ्यांत आल्या आहेत, त्यामुळे प्रत्येकीला दोन बाहेरच्या भिंती मिळतात. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतो. त्याला पश्चिमेची खिडकी आत घेते आणि पूर्वेची बाहेर सोडते. रात्री झोपताना खोल्यांची दारे लावली तर मधली साखळी तुटते, म्हणून दारांवर झडप ठेवावी.

पश्चिमेचे ऊन मात्र त्रासाचे. एप्रिल-मे मधले चार वाजताचे ऊन तिरपे येते, त्याला खिडकीवरचा सज्जा अडवू शकत नाही. तिथे जाळीची भिंत, झाड किंवा वेल हवी. दक्षिणेला उलट. पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो, त्यामुळे उन्हाळ्याच्या शेवटी दक्षिणेची भिंत फारशी तापत नाही, आणि थंडीत तिथूनच ऊब येते. दक्षिणेला दीड-दोन फुटी सज्जा पुरतो. बाथरूम आणि संडास पश्चिमेला ठेवण्यामागे हाही हेतू आहे, तापणारी भिंत त्यांनी अंगावर घ्यावी. स्वयंपाकघर पश्चिमेला आल्याने संध्याकाळचा स्वयंपाक थोडा गरम होतो, हे या नकाशाचे उणे आहे आणि ते मान्य करून पुढे जायचे. घरातल्या कोणाला स्वयंपाकघर आग्नेयेलाच हवे असेल तर ते आधीच विचारून घ्यावे. सगळा नकाशा आरशातल्यासारखा उलटवला की स्वयंपाकघर आग्नेयेला येते, दारांचा हिशेब तसाच राहतो आणि पश्चिमेचे ऊन हॉल आणि मोठ्या खोलीवर जाते. तिथे जाळी आणि झाड जास्तीचे लागेल, एवढेच.

छोट्या घरात सामानाला जागा नसली की ते खोल्यांत येऊन बसते. जास्तीच्या गाद्या, दिवाळीच्या फराळाचे मोठे डबे, गव्हाचे पिंप, गणपतीचे मखर, सुटकेसी. यासाठी बोळ, बाथरूम आणि संडास यांच्यावर माळा काढावा. या तिघांवर मिळून जवळजवळ ७४ चौरस फूट मिळतात. खाली सव्वासात फूट उंची सोडली आणि छत दहा फुटांवर असेल तर वर अडीच फूट राहतात, वाकून सामान सरकवण्याइतकी. बोळात उभे असताना छत थोडे खाली आलेले जाणवते, पण तिथे कोणी बसत नाही. बोळाला स्वतःची खिडकी नाही म्हणून संडास आणि बाथरूमच्या दारांवर काचेची पट्टी ठेवावी. पावसाळ्यात वाळत घालायच्या कपड्यांची दोरी मात्र आत घेऊ नये. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेर चार फुटी पडवी आणि वर पत्रा टाकला की तो प्रश्न मिटतो, आणि भांडी घासायची मोरीही तिथेच होते.

तयार फ्लॅट घेणाऱ्यांना यातले बरेचसे करता येत नाही. खांब, बीम आणि पाण्याच्या जागा ठरलेल्या असतात. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे सांगितलेल्या चटई क्षेत्रात आतल्या भिंती धरलेल्या असतात, म्हणजे तेवढी जागा पायाखाली मिळणार नाही हे आधीच मनात वजा करावे. विकत घेताना क्षेत्रफळाबरोबर हॉलमध्ये किती दारे उघडतात ते मोजावे. ताबा मिळाल्यावरही कपाट कुठे बसणार हे पाहून, इंजिनिअरला विचारून एखादे दार दोन फूट सरकवणे शक्य असते. नव्या रंगरंगोटीपेक्षा त्याचा उपयोग कितीतरी जास्त.

नकाशा मंजुरीला देण्यापूर्वी तो जमिनीवर खऱ्या मापात आखून घ्या. चुन्याची फक्की, दोरी, टेप आणि मोकळा प्लॉट एवढेच लागते. दारांच्या जागा सोडून भिंतींच्या रेघा ओढा, घरातली खाट आणि दोन खुर्च्या आणून ठेवा. मग आजींना खाटेपासून संडासापर्यंत चालायला सांगा, स्वयंपाक करणाऱ्याला हातात परात देऊन ओट्यापासून टेबलापर्यंत न्या, मुलांना दप्तरे घेऊन दारातून आत येऊ द्या. कोणाचा खांदा कुठे रेघेला लागतो ते लगेच दिसते. त्याच दिवशी जिन्याची जागाही खुंट्या मारून ठरवा. पुढेमागे वरचा मजला चढवायचा असेल तर जिना बाहेरून, हॉलच्या पूर्वेच्या भिंतीला लागून न्यावा. त्यासाठी तीन फूट रुंद पट्टा रिकामा हवा आणि त्या पट्ट्यावर येणारी हॉलची खिडकी आत्ताच उत्तरेकडे सरकवायला हवी.